वकील तारखेला गेलाच नाही, तर नुकसान कोणाचे?

सभासद बंधू-भगिनींनो,

बंदीचा काळ सुरू झाला. होड्या वर ओढल्या, इंजिने मिस्त्रीकडे गेली, जाळी शिवायला बसलो. याच दिवसांत मे महिन्याच्या सुट्टीनंतर कोर्टे पुन्हा भरतात आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना आपल्या केसची आठवण होते. कोणाचा चेक परत आलेला असतो, कोणाचा होडीच्या विम्याचा दावा असतो, कोणाचे भावाभावांत घरावरून चाललेले असते. ऑगस्ट ते मे आपण समुद्रात आणि केस वकिलाकडे. "वकील बघतायत ना" एवढे म्हणून आपण निर्धास्त असतो.

गेल्या वर्षभरात आम्हाला या निर्धास्तपणाचा चांगलाच फटका बसला. एक आपल्या सोसायटीला आणि एक आपल्या एका सभासदाला. दोन्हीकडे कारण एकच, वकील तारखेला कोर्टात गेले नाहीत. दोन्हीकडे शेवट मात्र वेगळा झाला. तो का वेगळा झाला हे सगळ्यांना कळावे म्हणून हे लिहीत आहोत. त्या वकिलांची नावे इथे देणार नाही, कोणी विचारूही नये. प्रश्न नावाचा नाही, पुढे आपण काय करायचे याचा आहे.

आधी सोसायटीची गोष्ट

बर्फाच्या कारखान्यासाठी कॉम्प्रेसर घ्यायचा म्हणून आपण एका पुरवठादाराला 4 लाख 20 हजार रुपये आगाऊ दिले होते, हे वार्षिक सभेत सगळ्यांना सांगितलेले आहे. माल आला नाही, पैसेही परत आले नाहीत. शेवटी आपण दिवाणी दावा घातला. पहिले वर्ष बरे चालले. नंतर वकिलांना फोन केला की एकच उत्तर यायचे, "पुढची तारीख पडली, काळजी करू नका."

वार्षिक सभा जवळ आली. अहवालात केसची स्थिती लिहायची म्हणून आपला कारकून स्वतः कोर्टात गेला. तिथल्या शिरस्तेदारांनी फाईल काढून सांगितले की हा दावा पाच महिन्यांपूर्वीच निकाली निघाला. लागोपाठ तीन तारखांना आपल्या बाजूने कोणी हजर नव्हते. चौथ्या तारखेला समोरच्याचे वकील हजर, आपले गैरहजर. कोर्टाने दावा गैरहजेरीसाठी काढून टाकला.

पाच महिने आम्हाला पत्ता नव्हता. सभासदांचे सव्वाचार लाख गेले असे समजून त्या रात्री कमिटीतल्या कोणालाही झोप लागली नाही. "सेक्रेटरी झोपले होते काय?" असे एका ज्येष्ठ सभासदाने तोंडावर विचारले. त्यांचे चुकले नाही. आम्ही फोन करत होतो, पण स्वतः जाऊन बघत नव्हतो.

मग सभासदाची गोष्ट

आपल्या एका सभासदाची होडी दोन वर्षांपूर्वी वादळात खडकावर जाऊन फुटली. विमा कंपनीने दावा नाकारला. त्याने ग्राहक आयोगात तक्रार केली, वकील दिला, फी पूर्ण दिली. तो आठ-आठ दिवस समुद्रात, घरी वहिनी आणि म्हातारे वडील. आयोगात तीन-चार वेळा कोणीच हजर नव्हते म्हणून तक्रार काढून टाकली गेली. वकील म्हणाले, "अर्ज टाकतो, परत सुरू होईल." याने विश्वास ठेवला. दोन महिने गेले. नंतर आयोगाने सांगितले की काढून टाकलेली तक्रार पुन्हा सुरू करण्याचा अधिकार आम्हाला नाही, तुम्ही वरच्या आयोगाकडे अपिलात जा. तोपर्यंत अपिलाची मुदत संपली होती.

संतापून त्याने वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार करायचे ठरवले. कागद जमवण्यात आणखी दीड महिना घालवला. अपील मात्र त्यानंतर दाखल झाले. आज ते अपील उशीर माफ होतो की नाही या एकाच मुद्द्यावर अडकले आहे. होडी कोणत्या खडकावर आपटली, विमा कंपनी खरी की खोटी, इथपर्यंत कोणी पोचलेलेच नाही.

तारीख चुकली की कोणत्या ठिकाणी काय होते

हे प्रत्येकाने नीट वाचावे, कारण सगळ्या ठिकाणी नियम एक नाही.

दिवाणी कोर्टात आपण दावा घातलेला असेल, तारखेला समोरचा हजर आणि आपल्या बाजूने कोणीच नाही, तर कोर्ट दावा काढून टाकू शकते. असे झाले की त्याच कारणासाठी नवा दावा घालता येत नाही. त्याच कोर्टात दावा पुन्हा सुरू करण्याचा अर्ज करावा लागतो. मुदत 30 दिवस, आणि ती आपल्याला कळले त्या दिवसापासून नव्हे, दावा काढून टाकला त्या दिवसापासून मोजतात. उशीर झाला तर उशीर माफ करा असा वेगळा अर्ज जोडावा लागतो आणि प्रत्येक टप्प्यावर उशीर का झाला ते पटवून द्यावे लागते. दोन्ही बाजू गैरहजर असताना दावा निघाला असेल तर मूळ मुदत शिल्लक असल्यास नवा दावाही घालता येतो. म्हणून ऑर्डरची नक्कल हातात आली की पहिल्यांदा बघायचे, त्या दिवशी समोरचा हजर होता की नव्हता.

आपल्याविरुद्ध दावा असेल आणि आपले वकील गेले नाहीत, तर एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घ्यायलाही 30 दिवसच. समन्सच नीट बजावले गेले नसेल तर मात्र ते दिवस आपल्याला हुकूमनाम्याची माहिती झाली तेव्हापासून धरतात.

ग्राहक आयोगात वर सांगितलेली अडचण आहे. जिल्हा आयोग किंवा राज्य आयोग स्वतः काढून टाकलेली तक्रार स्वतः परत सुरू करू शकत नाही. राजीव हितेंद्र पाठक यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2011 सालीच हे स्पष्ट केले आहे. जिल्हा आयोगाच्या ऑर्डरविरुद्ध राज्य आयोगात अपील करायचे आणि त्याला 45 दिवसांची मुदत. इथे "पुन्हा सुरू करायचा अर्ज" टाकत बसलात तर ते 45 दिवस निघून जातात. आपल्या सभासदाचे नेमके हेच झाले.

चेक परत आल्याची फौजदारी तक्रार आपण केली असेल तर तारखेला ना आपण ना वकील, अशा वेळी मॅजिस्ट्रेट आरोपीला निर्दोष सोडू शकतात. तो हुकूम त्याच कोर्टात फिरवता येत नाही, वरच्या कोर्टात जावे लागते. उलट आपणच आरोपी असू आणि हजर राहिलो नाही, हजेरीची माफीही मागितली नाही, तर वॉरंट निघते. समुद्रात असल्याचे कारण खरे असले तरी ते आधी अर्ज देऊन सांगायचे असते. पोलीस दारात आल्यावर सांगून उपयोग नाही.

एक चांगली गोष्टही सांगतो. फौजदारी अपील, म्हणजे शिक्षेविरुद्धचे अपील, केवळ वकील आला नाही म्हणून काढून टाकता येत नाही. बनी सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या 1996 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितले की कोर्टाने कागद बघून गुणदोषावरच निकाल द्यायचा असतो.

"वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात आहेत"

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत स्पष्ट लिहिले आहे की वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेले आहेत हे तारीख वाढवून देण्याचे कारण होऊ शकत नाही. वकील आजारी असतील तरी दुसरा वकील वेळेत का देता आला नाही हे कोर्टाला पटवावे लागते. सुनावणी सुरू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तारीख वाढवून देऊ नये, असेही तिथे आहे. प्रत्यक्षात अगदीच अडचण असेल तर कोर्ट सवलत देते, पण ती आपला हक्क नाही, कोर्टाची मर्जी आहे.

संपाचेही तसेच. कॅप्टन हरीश उप्पल यांच्या खटल्यात डिसेंबर 2002 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की वकिलांना संपाचा किंवा कोर्टावर बहिष्कार घालण्याचा अधिकार नाही. त्याआधी रामोन सर्व्हिसेसच्या प्रकरणात तर कोर्ट आणखी पुढे गेले होते. संपामुळे वकील आले नाहीत आणि पक्षकाराविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला. सुप्रीम कोर्टाने 5,000 रुपये खर्च भरण्याच्या अटीवर तो रद्द केला आणि त्यातली अर्धी रक्कम वकिलाकडून वसूल करायची मुभा पक्षकाराला दिली. यापुढे केवळ संपासाठी वकील गैरहजर राहिले तर पक्षकाराच्या नुकसानीला तेच जबाबदार राहतील, असेही बजावले.

चूक वकिलाची, मग शिक्षा पक्षकाराला का?

हा प्रश्न आमच्या मनात आला तसा तुमच्याही मनात येईल. त्याचे उत्तर सुप्रीम कोर्टाच्या दोन निकालांत मिळते, आणि ही दोन्ही उत्तरे एकत्र वाचली पाहिजेत.

पहिला निकाल 1981 चा, रफीक विरुद्ध मुन्शीलाल. उत्तर प्रदेशातला एक साधा माणूस, त्याचे अपील अलाहाबाद हायकोर्टात. सुनावणीच्या दिवशी वकील गैरहजर, अपील गेले. सुप्रीम कोर्टाने विचारले की गावाकडच्या माणसाने वकील निवडला, फी दिली, सांगितले ते कागद दिले, आता त्याने आणखी काय करायचे होते? वकील कोर्टात उभा राहतो की नाही यावर त्याने पहारा देत बसायचे काय? अपील पुन्हा सुरू झाले. समोरच्या पक्षाला खर्चापोटी 200 रुपये द्यायला सांगितले आणि ते पक्षकाराकडून न घेता गैरहजर राहिलेल्या वकिलाकडून वसूल करा असा हुकूम दिला. रक्कम लहान, पण जबाबदारी कोणाची हे त्यातून ठरले.

दुसरा निकाल 1993 चा, सलील दत्ता यांचा. कलकत्त्यातली एक कंपनी, जागेचा खटला, एकतर्फी हुकूमनामा. कंपनी म्हणाली, चूक आमच्या वकिलाची. सुप्रीम कोर्टाने ऐकले नाही. रफीकच्या निकालातली दया ही सरसकट सगळ्यांसाठी नाही, शहरात ऑफिस असलेल्या, शिकलेली माणसे कामाला असलेल्या कंपनीला "आम्ही वकिलावर सोडून दिले होते" एवढे सांगून सुटता येणार नाही, असे कोर्ट म्हणाले. नोव्हेंबर 2024 मध्ये रजनीश कुमार विरुद्ध वेद प्रकाश या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पुन्हा तेच बजावले. सगळा दोष वकिलावर टाकून पक्षकार हात झटकू शकत नाही, स्वतःच्या केसवर त्याने स्वतः लक्ष ठेवले पाहिजे.

आता आपण यात कुठे बसतो? आमची सोसायटी नोंदणीकृत आहे, चेअरमन आहे, सेक्रेटरी आहे, दरवर्षी ऑडिट होते. "आम्ही साधी मासेमारी करणारी माणसे" असे कोर्टात म्हणायला आमची जीभ वळली नसती. ज्यांच्या दोन-दोन ट्रॉलर आहेत, ज्यांचा हिशेब चार्टर्ड अकाउंटंट बघतो, त्यांनाही रफीकच्या जागी उभे राहता येईल असे धरून चालू नका. रापण ओढणारा, हाताने जाळे टाकणारा सभासद असेल तर कोर्ट नरमाईने बघेल, पण त्यालाही एक प्रश्न विचारला जाईलच. तो प्रश्न असा की या सगळ्या काळात तुम्ही काय केले?

आम्ही वाचलो कसे

आम्हाला तोच प्रश्न विचारला गेला. नवे वकील करून आम्ही दावा पुन्हा सुरू करायचा आणि उशीर माफ करायचा असे दोन्ही अर्ज टाकले. समोरच्याच्या वकिलांनी जोर लावला, "सोसायटी म्हणजे संस्था आहे, पाच महिने झोपली होती." न्यायाधीशांनी विचारले, तुम्ही वकिलांकडे कधी चौकशी केली, पुरावा काय?

तेव्हा आपल्या कारकुनाची एक सवय कामी आली. तो प्रत्येक पत्र आवक-जावक बुकात चढवतो. वकिलांना तारखेबद्दल विचारणारी दोन रजिस्टर पत्रे त्यात होती, पोस्टाच्या पावत्या चिकटवलेल्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचे "पुढची तारीख पडली" हे उत्तर होते. कमिटीच्या दोन बैठकींच्या इतिवृत्तात या केसचा विषय होता. आणि दावा निघाल्याचे कळल्यापासून सहा दिवसांत आम्ही अर्ज टाकला होता, हेही तारखांसह दाखवता आले.

कोर्टाने उशीर माफ केला, दावा पुन्हा सुरू केला, पण समोरच्याला 8,000 रुपये खर्च द्यायला लावला. ते पैसे सोसायटीच्या खात्यातून न देता कमिटीच्या सदस्यांनी वाटून भरले. सभासदांच्या पैशाची चूक सभासदांनीच पुन्हा भरायची हे बरोबर वाटले नाही.

आपल्या सभासदाकडे मात्र काहीच लिहिलेले नव्हते. तो बिचारा प्रत्येक खेपेला जेटीवरून उतरल्यावर वकिलांना भेटायचा, बोलायचा, घरी जायचा. खरे तर त्याने आमच्यापेक्षा जास्त फेऱ्या मारल्या असतील. पण कागद नाही. आता अपिलात तो काय दाखवणार?

वकिलाला काय होऊ शकते

वकिलाविरुद्ध तक्रार करायची ती अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट 1961 च्या कलम 35 खाली. आपल्यासाठी ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे जाते. तक्रारीत तथ्य वाटले तर ती शिस्तपालन समितीकडे पाठवतात. समिती दोन्ही बाजू ऐकते. तक्रार फेटाळणे, वकिलाला समज देणे, काही काळ वकिली बंद करणे किंवा सनदच काढून घेणे, असे हुकूम ती देऊ शकते. एका वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. निकाल पटला नाही तर तिथे 60 दिवसांत अपील, आणि त्यानंतर सुप्रीम कोर्टात.

दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. एक, एखादी तारीख चुकली, अंदाज चुकला, एवढ्यावर गैरवर्तन ठरत नाही. निष्काळजीपणा घोर असला पाहिजे किंवा त्यात अप्रामाणिकपणा असला पाहिजे, असे सुप्रीम कोर्टाने 1963 पासून सांगितलेले आहे. दावा निघून गेलेला असताना "तारीख पडली" म्हणून सांगत राहणे हे मात्र वेगळे. दोन, बार कौन्सिलच्या तक्रारीने आपली केस परत सुरू होत नाही. तिथे वकिलाच्या वागण्याचा निवाडा होतो, आपल्या होडीच्या पैशांचा होत नाही.

नुकसानभरपाईसाठी पूर्वी ग्राहक आयोगात जाता येईल असे वाटत होते, कारण 2007 साली राष्ट्रीय आयोगाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते असे म्हटले होते. 14 मे 2024 रोजी सुप्रीम कोर्टाने तो निर्णय रद्द केला. आता वकिलाच्या सेवेतल्या उणिवेसाठी ग्राहक आयोगात जाता येत नाही. नुकसानभरपाई हवी तर दिवाणी कोर्टात निष्काळजीपणाचा दावा लावावा लागतो, म्हणजे पुन्हा वकील, पुन्हा तारखा.

म्हणून क्रम चुकवू नका. आधी केस वाचवा, मग वकिलाचे बघा. राग आल्यावर माणूस नेमके उलटे करतो.

वकिलांची बाजूही थोडी सांगतो. सगळे असे नसतात. गोव्यात बरेच वकील मासेमारी करणाऱ्यांच्या केसेस पैशाकडे न बघता चालवतात. त्यांचीही तक्रार असते की पक्षकार फोन नंबर बदलतो आणि सांगत नाही, सही करायला येतो म्हणतो आणि पंधरा दिवस समुद्रात जातो, साक्षीच्या दिवशी उगवत नाही. ती तक्रार खोटी नाही.

आता प्रत्येकाने करायची कामे

1. आपल्या केसचा सीएनआर नंबर वकिलांकडून आजच मागून घ्या. तो 16 अक्षर-अंकांचा असतो. ईकोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी अ‍ॅप मोबाईलवर फुकट मिळते. त्यात नंबर टाकला की पुढची तारीख कधी, मागच्या तारखेला काय झाले, सगळे दिसते. घरच्या शिकलेल्या मुलामुलीला हे काम सांगा. ग्राहक आयोगाच्या केसेस या अ‍ॅपवर नसतात, त्यांच्यासाठी ई-जागृती हे वेगळे पोर्टल आहे.

2. प्रत्येक तारखेनंतर वकिलांना एक मेसेज करा, "आज काय झाले, पुढची तारीख कोणती?" उत्तर जपून ठेवा. बोलणे फोनवर झाले तरी नंतर दोन ओळी लिहून पाठवा. हाच उद्या आपला पुरावा.

3. फीची पावती घ्या. वकीलपत्राची आणि दिलेल्या कागदांची झेरॉक्स घरात ठेवा. होडीच्या नोंदणीचे, विम्याचे मूळ कागद शक्यतो आपल्याकडेच ठेवा, लागतील तेव्हा कोर्टात दाखवा.

4. समुद्रात जाताना आपल्या तारखा घरी कोणाकडे तरी लिहून ठेवा. आणि साक्षीची तारीख असेल तर त्या खेपेला जाऊ नका. एका खेपेचे पैसे बुडाले तर चालतील, केस बुडाली तर सगळेच जाते.

5. केस निघाल्याचे कळले की त्याच दिवशी वहीत तारीख लिहा. ऑर्डरची नक्कल मागा, पण ती मिळेपर्यंत थांबू नका, अर्जाची तयारी लगेच सुरू करा. दिवाणी कोर्टात 30 दिवस, ग्राहक आयोगाच्या अपिलाला 45 दिवस, हे पाठ करून ठेवा.

6. वकील बदलायचा असेल तर आधीच्या वकिलांकडून ना-हरकत मागा. ते देत नसतील तर कोर्टाच्या परवानगीने नवे वकील हजर होऊ शकतात. फी राहिली म्हणून वकील आपली फाईल अडवून ठेवू शकत नाहीत, आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात 2000 साली सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केले आहे. राहिलेल्या फीसाठी ते वेगळा मार्ग धरू शकतात. आणि ठरलेली फी खरेच राहिली असेल तर ती देऊन टाका, भांडण वाढवू नका.

7. वकील करायला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बायकांना उत्पन्न कितीही असले तरी कायद्याने मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, ती तिथेच विचारा. 15100 या नंबरवर फोन करूनही माहिती मिळते. मासळी विकणाऱ्या आपल्या बहिणींनी हे विशेष लक्षात ठेवावे. बाजारातल्या जागेवरून कितीतरी जणींच्या केसेस चालू आहेत आणि त्या उधार काढून वकिलांची फी देत आहेत.

सोसायटीत तारखांची वही

कमिटीने ठरवले आहे की सोसायटीच्या ऑफिसात एक तारखांची वही ठेवायची. ज्या सभासदाला हवे असेल त्याने आपला सीएनआर नंबर, वकिलांचा फोन आणि घरचा एक फोन तिथे लिहून द्यावा. बंदी संपेपर्यंत दर बुधवारी संध्याकाळी पाच ते सात आपला कारकून अ‍ॅपवर प्रत्येक केस बघून पुढची तारीख लिहून देईल. ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात गेल्या की तारखेच्या चार दिवस आधी घरी फोन जाईल. केस कशाची आहे, समोर कोण आहे, हे कोणी विचारणार नाही. नवरा-बायकोच्या, भावाभावांच्या केसेस असतात, त्यांनी संकोच करू नये. नुसता नंबर द्या.

आम्ही वकील नाही, सल्ला देणार नाही. तुमच्या केसमध्ये काय करायचे ते तुमच्या वकिलांनाच विचारा. आम्ही फक्त तारीख सांगू.

आणि एक विनंती. ज्या सभासदाची विम्याची केस अडकली आहे, तो कोण हे बऱ्याच जणांना माहीत आहे. नाक्यावर त्याला "वकील चांगला करायला हवा होता" असे ऐकवू नका. त्याने चांगलाच वकील केला होता, असे त्यालाही वाटत होते. आम्हालाही आमच्याबद्दल तसेच वाटत होते. त्याच्या अपिलाची पुढची तारीख जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. वहीतले पहिले नाव त्याचेच आहे, आणि त्या दिवशी कमिटीतले दोघे जण त्याच्याबरोबर जाणार आहेत.

आपले,
सेक्रेटरी आणि कमिटी